ना वेढा, ना तोफ : जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन मठ

जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या बॅसिलिकेकडे पाठ करून पश्चिमेला चालत निघालं, की थोड्याच वेळात चढ लागतो. ही मोंते सांतो, पोर्तुगिजांची पवित्र टेकडी. वर पोचल्यावर जांभ्या चिऱ्यांचा एक मनोरा समोर उभा राहतो. उंची ४६ मीटर. पण तो पूर्ण मनोरा नव्हे. उभा चिरत गेल्यासारखा अर्धाच उरलेला आहे. मागे छप्पर नसलेल्या भिंती, कमानींचे ठोकळे, आणि पायाखाली पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा. इथे येणाऱ्या बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच, की हे कोणी पाडलं? मराठ्यांनी, डचांनी, की आदिलशहानं?

कोणीच नाही. या मठाला कधी वेढा पडला नाही आणि त्याच्यावर कोणी तोफ डागली नाही. आत राहणारी माणसं एका सरकारी हुकमानं बाहेर काढली गेली, आणि उरलेलं काम गोव्याच्या पावसानं केलं. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी या ढिगाऱ्यात एका राणीच्या अस्थींचा शोध सुरू झाला, तेव्हा वाट दाखवली तीही कागदानंच. याच मठातल्या संन्याशांच्या नोंदींनी.

सेंट ऑगस्टिनच्या नियमानं चालणारे हे संन्यासी गोव्यात उशिरा आले. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं १५१० मध्ये शहर जिंकलं. फ्रान्सिस्कन त्यानंतर काही वर्षांतच आले, जेझुइट फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये उतरला, डोमिनिकन १५४८ मध्ये आले. ऑगस्टिनियनांची पहिली तुकडी आली १५७२ मध्ये. तोवर मांडवीकाठचं शहर भरलं होतं. बाजाराजवळच्या आणि धक्क्याजवळच्या जागा आधी आलेल्यांनी घेतल्या होत्या. यांच्या वाट्याला शहराच्या कडेची टेकडी आली, आणि तेच पथ्यावर पडलं. इथे जागेची टंचाई नव्हती आणि नदीतून येणाऱ्या गलबतांना वरची इमारत दुरून दिसणार होती.

मोठं चर्च बांधायला घेतलं १५९७ मध्ये आणि १६०२ मध्ये ते पूर्ण झालं. नाव 'नोसा सेन्योरा द ग्रासा', म्हणजे कृपामाता. पाच वर्षांत एवढं काम उरकलं हे आज त्या भिंतींची जाडी पाहिली की खरं वाटत नाही. दर्शनी बाजू अनेक मजल्यांची, दोन्ही कडांना मनोरे. त्यांतल्याच एकाचा अर्धा भाग आज उभा आहे. आत आठ चॅपेल्स, चार वेद्या, आणि सगळ्यावर चिऱ्यांचा एकच मोठा कमानदार घुमट, लांबलचक बोगद्यासारखा. हा घुमट चर्चचं वैभव होता आणि पुढे त्याच्या मरणाचं कारणही ठरला. चर्चला लागून मठ होता. मधे चौक, भोवती ओवरी, वर संन्याशांच्या खोल्यांच्या रांगा. शेजारी संघाचं महाविद्यालय होतं. आणि एक खास दालन होतं चॅप्टरचं. तिथे मठवासी सभेला बसत, संघाचे निर्णय घेत. त्या दालनाला जोडून एक चॅपेल होतं. हे चॅपेल लक्षात ठेवायला हवं.

बांधकामाला गती आली त्यात तेव्हाच्या आर्चबिशपचा वाटा मोठा होता. दों आलेइशो दे मेनेझिस हा स्वतः ऑगस्टिनियन. १५९५ मध्ये तो गोव्याचा आर्चबिशप झाला. १५९९ मध्ये केरळात जाऊन त्यानं उदयंपेरूरची धर्मसभा भरवली आणि तिथल्या जुन्या सिरियन ख्रिश्चनांना रोमच्या शिस्तीखाली आणायचा घाट घातला. त्या सभेचे पडसाद केरळात आजही संपलेले नाहीत. १६०७ ते १६०९ या काळात तर त्याच्याकडे गव्हर्नरपदाचाही कारभार होता. धर्मदंड आणि राजदंड एकाच हातात. याच काळात, १६०६ मध्ये, त्यानं मोंते सांतोवरच, मठाच्या समोर, स्त्रियांसाठी सांता मोनिकाचा मठ सुरू केला. मोनिका ही ऑगस्टिनची आई, म्हणून मुलाच्या समोर आईचं घर. जगाचा संबंध तोडून आत राहणाऱ्या जोगिणींसाठी बांधलेली ती तीन मजली इमारत १६२७ मध्ये पुरी झाली. तिची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

मोंते सांतो म्हणजे प्रार्थना आणि घंटानाद एवढंच नव्हतं. ते एका पसरलेल्या संघाचं मुख्यालय होतं. होर्मुझ, मस्कत, इस्फहान, मोंबासा, बंगालमधलं हुगळी, आपल्याकडे वसई आणि चौल, अशा ठिकाणी ऑगस्टिनियनांची ठाणी होती. तिथली पत्रं, हिशेब, भांडणं आणि तक्रारी गोव्यात येत. नवे संन्यासी लिस्बनहून इथे उतरत, इथून पुढे पाठवले जात, आणि त्यांतले बरेच परत येत नसत. एका टेकडीवरच्या या मठाचा धागा पूर्व आफ्रिकेपासून कॉकेशस पर्वतापर्यंत कसा पोचला होता, हे दोन माणसांच्या गोष्टींतून चांगलं कळतं. एक राजपुत्र, एक राणी.

राजपुत्र मोंबासाचा. तिथल्या सुलतानाचा १६१४ मध्ये पोर्तुगिजांच्या चिथावणीनं खून झाला. त्याचं मुंडकं गोव्याला पाठवलं गेलं, आणि त्याचा लहानगा मुलगा युसूफ हाही गोव्यालाच आणला गेला. तो वाढला ऑगस्टिनियनांच्या देखरेखीखाली. बाप्तिस्मा झाला, नाव मिळालं दों जेरोनिमो शिंगुलिया. तो पोर्तुगिजांच्या आरमारात लढला आणि त्यानं ख्रिश्चन स्त्रीशी लग्न केलं. १६२६ मध्ये त्याला मोंबासाच्या गादीवर बसवण्यात आलं. संघाच्या दृष्टीनं ही मोठी कमाई होती, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपल्या हाताखाली शिकलेला राजा. पण तिथल्या पोर्तुगीज कप्तानानं त्याला राजासारखं कधी वागवलंच नाही. युसूफ बापाच्या कबरीवर जाऊन मुसलमानी रीतीनं प्रार्थना करतो, अशी कुणकुण लागली आणि अटक होणार हे दिसू लागलं. ऑगस्ट १६३१ मध्ये युसूफ फोर्ट जीझस किल्ल्यात शिरला आणि त्यानं कप्तानाला ठार केलं. त्यानंतर शहरातल्या पोर्तुगिजांची कत्तल झाली. मारल्या गेलेल्यांत मोंबासाच्या ठाण्यातले ऑगस्टिनियनही होते. गोव्याहून निघालेलं आरमार किल्ला घेऊ शकलं नाही. पण युसूफही तिथे टिकला नाही. १६३२ मध्ये तो जहाजं घेऊन निघून गेला आणि उरलेलं आयुष्य समुद्रावर लूटमार करण्यात गेलं. मठात घालवलेल्या बालपणावर बापाच्या मुंडक्यानं मात केली होती.

राणी होती जॉर्जियातल्या काखेती राज्याची, केतेवान. काखेती दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडलेलं होतं, तुर्क आणि इराणी. इराणचा शाह अब्बास पहिला काखेतीवर चालून येणार हे दिसल्यावर १६१४ च्या सुमारास केतेवान स्वतः बोलणी करायला त्याच्याकडे गेली. तिचे दोन नातू ओलीस म्हणून शाहच्या ताब्यात होते. बोलणी राहिली बाजूला. राणीला शिराझमध्ये कैदेत ठेवलं गेलं आणि नातवांचं पौरुष शाहनं हिरावून घेतलं. काखेती उद्ध्वस्त झालं. दहा वर्षांनी शाहनं तिच्यापुढे इस्लाम स्वीकारण्याची अट ठेवली. तिनं नकार दिला. २२ सप्टेंबर १६२४ रोजी शिराझमध्ये, तापवलेल्या सांडशांनी हाल करून, तिला मारण्यात आलं.

शिराझचा सुभेदार इमाम कुली खान. यानंच दोन वर्षांपूर्वी, १६२२ मध्ये, इंग्रजांच्या जहाजांची मदत घेऊन पोर्तुगिजांकडून होर्मुझ जिंकलं होतं. म्हणजे इराणात पोर्तुगिजांची तोफ हरली होती. पण ऑगस्टिनियन मात्र तिथे होते. मेनेझिसनं १६०२ मध्येच गोव्याहून तीन संन्यासी शाहच्या दरबारात पाठवले होते आणि इस्फहानमध्ये त्यांना घर मिळालं होतं. राणीच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी शिराझमध्ये नवं ठाणं उघडलं गेलं. तिथल्या आंब्रोझिओ दुश आंजुश आणि त्याच्या सोबत्यानं राणीचा मृतदेह पुरलेली जागा शोधून, गुपचूप तो उकरून काढला.

यात भक्ती होती आणि हिशेबही होता. ख्रिश्चन म्हणून मरण पत्करणाऱ्या राणीच्या अस्थी हातात असल्या, तर जॉर्जियात पाय रोवायला याहून मोठी शिफारस कोणती? तसंच झालं. १६२८ मध्ये आंब्रोझिओ अस्थींचा एक भाग घेऊन जॉर्जियाला पोचला. राणीचा मुलगा राजा तेइमुराझ यानं त्याचं स्वागत केलं आणि संघाला तिथे जागा मिळाली. आईच्या बलिदानावर एक दीर्घ काव्य तेइमुराझनं आधीच रचलं होतं. अस्थींचा दुसरा भाग त्या आधी, १६२७ मध्ये, समुद्रमार्गे गोव्याला आला. पवित्र वस्तू मुख्यालयात ठेवायची ही रीतच होती. मोंते सांतोवरच्या चॅप्टर दालनाच्या चॅपेलमध्ये, खिडकीच्या कोनाड्यात, एका पेटीत त्या ठेवल्या गेल्या. कुठल्या बाजूला, कितव्या खिडकीत, हेही संघाच्या नोंदींत उतरलं. एपिसलची, म्हणजे वेदीकडे तोंड केल्यावर उजव्या हाताची बाजू, दुसरी खिडकी.

केतेवानची कथा पुढे युरोपभर गेली. जर्मन नाटककार आंद्रेआस ग्रिफिउसनं तिच्यावर शोकांतिका लिहिली. लिस्बनच्या ग्रासा मठात तिच्या मृत्यूचा प्रसंग रंगीत फरशांवर उतरवला गेला. गोव्यात मात्र तिला कोणी भक्त मिळाला नाही. मठाबाहेरच्या गोंयकाराला काखेती म्हणजे काय, हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिच्या नावानं फेस्त भरत नव्हतं, कोणी नवस बोलत नव्हतं, कोणी मेणबत्ती घेऊन टेकडी चढत नव्हतं. ही साधी गोष्ट पुढे महागात पडली.

तोवर शहराचे दिवस फिरले होते. होर्मुझ गेलं, डच जहाजं वारंवार मांडवीचं तोंड अडवू लागली आणि व्यापार आटला. त्यातच रोगराई. खालच्या सखल, दलदलीच्या जागेत दाट वस्ती, विहिरींचं पाणी खराब, साथीमागून साथ. १६९५ मध्ये खुद्द व्हाइसरॉयनं शहर सोडून पणेलीला मुक्काम हलवला.

या उतरत्या काळात शत्रू एकदा अगदी दारापर्यंत आला होता. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं रात्री ओहोटीच्या वेळी खाडी ओलांडून जुवें बेट घेतलं. जुन्या गोव्याला लागूनच असलेलं हे बेट. दुसऱ्या दिवशी ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर जखमी होऊन, बुडता बुडता वाचून परतला. मग तो बॉम जीझसमध्ये झेवियरच्या समाधीपाशी गेला आणि आपला अधिकारदंड तिथे ठेवून संतालाच शहर राखायची विनवणी केली. शहर वाचलं ते मोगलांमुळे. शहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन रामघाटानं कोकणात उतरत होता, म्हणून मराठ्यांना मागे वळावं लागलं. मोंते सांतोपर्यंत एकही मराठा सैनिक पोचला नाही.

मराठे पोचले असते तर काय झालं असतं, याचा अंदाज वसईवरून येतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा हत्ती-बैलांच्या बळावर घाट चढून देवळांत गेल्या. भीमाशंकराला, वाईजवळ मेणवलीला, आणि नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या पोर्तुगीज घंटा आजही पाहता येतात. वसईच्या किल्ल्यात ऑगस्टिनियनांचाही मठ होता. त्याचे अवशेष तिथे झाडोऱ्यात उभे आहेत. त्या मठाच्या पतनाला निदान एक तारीख आणि एक विजेता आहे. मोंते सांतोच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

मोंते सांतोचा शेवट ठरला लिस्बनमध्ये. पोर्तुगालमध्ये दोन भावांचं यादवी युद्ध पेटलं होतं. एकीकडे निरंकुश राजसत्तेचा पुरस्कर्ता मिगेल, दुसरीकडे उदारमतवाद्यांचा पेद्रो. बहुतेक मठ मिगेलच्या बाजूचे. १८३४ मध्ये पेद्रोचा पक्ष जिंकला. नव्या सरकारची तिजोरी रिकामी होती आणि मठांकडे जमिनी होत्या. न्यायमंत्री ज्वाकिम आंतोनियो द आगियार यानं मे १८३४ मध्ये पुरुषांचे सगळे धार्मिक संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. लोकांनी त्याचं नाव पाडलं 'माता-फ्रादिश', संन्याशांचा काळ. हुकूम गोव्यात अमलात आला १८३५ मध्ये. मठ रिकामे झाले. जमिनी गेल्या, भांडीकुंडी, वस्त्रं, लाकूडसामान यांचे लिलाव झाले. मठांच्या ग्रंथालयांतली काही पुस्तकं पणजीच्या नव्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाट्याला आली. तेच पुढे वाढून आजचं कृष्णदास शामा ग्रंथालय झालं.

यानंतर जे झालं ते समजायला कोकणातलं कुठलंही जुनं घर पुरेसं आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो. पण तो सच्छिद्र. पाणी पितो, आणि प्यायलेलं पाणी आतली माती सोडवतं. म्हणूनच चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा हवा, आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा हवा. मे महिन्यात शाकारणी हवी, पन्हळी साफ हव्यात, भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच उपटायला हवं. मठात माणसं होती तोवर हे दरवर्षी होत होतं. त्याचा कोणी इतिहास लिहीत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माणसं गेल्यावर एक पावसाळा काढता येतो, दोन काढता येतात. मग पाणी घुमटाच्या सांध्यांत उतरतं, चुना धुऊन निघतो, चिरे एकमेकांना धरेनासे होतात. आणि घुमटाचं सगळं गणितच एकमेकांना धरण्यावर असतं.

१८४२ मध्ये चर्चचा घुमट कोसळला. हुकूम अमलात येऊन फक्त सात वर्षं झाली होती. बांधायला पाच वर्षं लागली होती, पडायला सात. घुमटाचा आधार गेल्यावर भिंती उघड्या पडल्या. तरीही दर्शनी बाजू पुढची जवळजवळ नव्वद वर्षं तग धरून होती. १९३१ मध्ये ती आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. १९३८ पर्यंत आणखी काही भाग गेला. आज जे दिसतं ते त्यातून उरलेलं.

मधल्या काळात मठाची वाटणी होत राहिली. मोठी घंटा आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये आली. पांढऱ्या चर्चच्या समोरच्या नागमोडी पायऱ्यांवर उभं राहून लोक फोटो काढतात, तेव्हा वरच्या कमानीत जी मोठी घंटा दिसते ती ऑगस्टिनियनांची. जुन्या शहरातल्या ओस पडलेल्या इमारतींचे चिरे पणजी बांधायला गेले. राजधानी अधिकृतपणे पणजीला हलली १८४३ मध्ये, म्हणजे घुमट पडल्याच्या दुसऱ्याच वर्षी. ज्या सरकारला आपलं जुनं शहरच नको झालं होतं, ते रिकाम्या मठाच्या घुमटावर पैसे कशाला घालील?

तरीही सगळा दोष सरकारवर ढकलून चालत नाही, कारण शेजारी दोन इमारती उभ्या आहेत. सांता मोनिका त्याच टेकडीवर, त्याच जांभ्याची, त्याच पावसात. पण जोगिणींच्या बाबतीत हुकूम वेगळा होता. नव्या घ्यायच्या नाहीत, असलेल्यांना मरेपर्यंत राहू द्यायचं. शेवटची जोगीण वारली १८८५ मध्ये. म्हणजे समोरचा मठ कोसळल्यावर चार दशकांहून अधिक काळ या इमारतीत कोणी ना कोणी राहत होतं, गळणारं छप्पर पाहून ओरडत होतं. पुढेही इमारत वापरात राहिली. आज तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. दुसरी इमारत बॉम जीझस. जेझुइटांना तर १७५९ मध्येच हाकललं होतं, ऑगस्टिनियनांच्या पाऊणशे वर्षं आधी. पण चर्चमध्ये झेवियरचं शव होतं, आणि डिसेंबरात या गोंयच्या सायबाच्या फेस्ताला गोवाभरातून माणसं येत होती. त्यांत हिंदूही असत. ज्या चर्चला अशी गर्दी आहे, त्याचं छप्पर कोणतंही सरकार पडू देत नाही. मोंते सांतोच्या मठातही एक संत होती, पण तिच्यासाठी टेकडी चढणारं कोणी नव्हतं. चिऱ्यांखाली तिची पेटी गाडली गेली आणि तिची विचारपूसही झाली नाही.

विचारपूस झाली ती जॉर्जियाहून. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर अवशेष भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आले. १९८६ मध्ये गोव्याच्या चर्च आणि मठांबरोबर त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेव्हा जॉर्जिया सोव्हिएत संघात होता, पण केतेवान तिथल्या चर्चची संत होती आणि तिच्या अस्थींचा एक भाग गोव्यात गेला हे तिथल्या अभ्यासकांना ठाऊक होतं. पोर्तुगालमधल्या संग्रहांतून जुने वृत्तान्त छापून बाहेर येत होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाची पथकं गोव्यात येऊ लागली आणि पुरातत्त्व खात्यानं ढिगारा हलवायला घेतला.

अडचण अशी, की 'दुसरी खिडकी' सापडायची तर आधी चॅप्टरचं दालन कुठलं हे ठरायला हवं होतं. वर छत नाही, भिंती कमरेएवढ्या, कुठे त्याही नाहीत. चर्च ओळखू येत होतं, पण मागचा मठ म्हणजे खोल्यांचा गुंता होता. जुन्या वर्णनांतला प्रत्येक तपशील जमिनीवर मोजून, कुठला चौक कुठे, जिना कुठे, कोणती भिंत कशाला टेकलेली, असा नकाशा पुन्हा जुळवावा लागला. त्यात वर्षं गेली. २००४ मध्ये चॅप्टरचं चॅपेल निश्चित झालं, आणि नोंदींत सांगितलेल्या खिडकीच्या परिसरात हाताचं एक लांब हाड मिळालं. त्या भागात आणखीही हाडं मिळाली. मग प्रश्न असा, की राणीचं कुठलं? मठात पुरलेली माणसं काही कमी नव्हती.

उत्तर द्यायला हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्रातली संशोधन संस्था पुढे आली. आईकडून अपत्याला मिळणारा मायटोकॉण्ड्रियल डीएनए हाडांतून वेगळा काढण्यात आला. इतर दोन अवशेषांचा वंश भारतात सर्रास आढळणारा निघाला. खिडकीजवळच्या हाडाचा निघाला 'यू१बी' गटातला. भारतीय उपखंडातल्या सुमारे २२ हजार नमुन्यांत हा गट एकदाही आढळला नव्हता. तपासलेल्या ३० जॉर्जियनांपैकी दोघांत तो होता. २०१३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात शास्त्रज्ञांनी बेताचेच शब्द वापरले. हे हाड राणी केतेवानचं असण्याची शक्यता दिसते, कारण जनुकांचा पुरावा उत्खननाशी आणि लिखित साधनांशी जुळतो. हे शेवटचं कारण महत्त्वाचं आहे. एकट्या डीएनएनं फार तर इतकंच सांगितलं असतं, की ही व्यक्ती बहुधा कॉकेशसकडची असावी. तिला राणीचं नाव मिळालं ते सतराव्या शतकातल्या संन्याशानं टिपून ठेवलेल्या खिडकीमुळे.

२०१७ मध्ये अवशेष काही काळासाठी जॉर्जियाला नेले गेले, तेव्हा ते पाहायला गर्दी लोटली. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत त्यांचा एक भाग जॉर्जियाला कायमचा भेट म्हणून दिला. भक्त मिळायला राणीला गोव्यात चारशे वर्षं लागली, आणि तेही बाहेरून यावे लागले. आज जॉर्जियाहून गोव्यात येणाऱ्यांच्या वाटेवर मोंते सांतो असतं.

आता तिथे जाणाऱ्यानं मनोऱ्याचा फोटो काढून परत फिरू नये. चर्चच्या मुख्य दालनात जमिनीकडे बघत चालावं. थडग्यांच्या शिळांवर घराण्यांची चिन्हं आहेत, नावं आहेत, आणि पुसट झालेल्या ओळींतून एका दर्यावर्दी शहराची वरची फळी वाचता येते. बाजूच्या चॅपेल्सच्या भिंतींवर पोर्तुगीज रंगीत फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत. जिथे फरशी आहे तिथला चिरा शाबूत आहे, जिथे ती निखळली तिथे तो खात चालला आहे. हातभर अंतरात दोन्ही पाहायला मिळतं. मागे गेलं की मठाच्या खोल्या, चौक आणि चॅप्टरचं चॅपेल. हा सगळा भाग उत्खननातून वर आलेला आहे. मठ पुन्हा उभारावा, निदान घुमट तरी, असं कोणीतरी हमखास म्हणतं. तो उभारता येईलही. पण त्यात राहणारी, त्याची दरसाल डागडुजी करणारी माणसं कुठून आणायची? उभं आहे तेवढं टिकवायचं, भिंतींच्या माथ्यावरून पाणी आत जाऊ द्यायचं नाही, झाडं उगवू द्यायची नाहीत, हे पुरातत्त्व खात्याचं काम दिसायला लहान आहे, पण ते १८३५ ते १८४२ या सात वर्षांत कोणी केलं असतं तर घुमट आणखी बराच काळ राहिला असता.

हा धडा जुना झालेला नाही. बॉम जीझसची जी लालसर, उघड्या चिऱ्यांची भिंत सगळ्या पोस्टकार्डांवर असते, ती मुळात तशी नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात दुरुस्ती करताना तो काढून टाकला गेला, कारण दगड उघडा असला की जुनेपणा खुलतो असं तेव्हा वाटलं. चिरा झिजत असल्याची तक्रार आता होते आहे. गिलावा पुन्हा लावावा असं वास्तुतज्ज्ञ सांगतात. पण लोकांना लाल भिंतीची सवय झाली आहे आणि पांढरी बॅसिलिका त्यांना नको आहे. ज्या चर्चला माणसांच्या गर्दीनं अडीचशे वर्षं तारलं, त्याच्या गिलाव्याचा निर्णय आता त्याच गर्दीच्या आवडीनिवडीवर अडला आहे. मोंते सांतो उतरून खाली आल्यावर ती भिंत जवळून पाहावी. तिला गिलावा हवा की नको, याचं उत्तर टेकडीवरच्या फरशांनी दिलेलं आहे.